जपमाळ की किराणा? हा प्रश्नच चुकीचा विचारला जातोय

आमच्या सोलापूरच्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चला जोडलेल्या आम्हा कॅथलिक कुटुंबांचा, सण झाला, त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर हॉलमध्ये हिशेबाची मिटिंग होती. दरवर्षी ही मिटिंग वीस मिनिटांत आटपते, यावेळी दोन तास चालली. मंडप, लायटिंग, साऊंड, बँड, हारफुलं, नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थनेच्या, नऊ दिवसांचा चहा-नाश्ता असं एकेक वाचून होत होतं आणि युथमधला एक मुलगा उभा राहिला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मनाने फार चांगला. म्हणाला, या पैशात आपल्याच पॅरिशमधल्या किती घरांचा किराणा भरला असता ते कुणी मोजलंय का, आणि नऊ दिवस आपण सगळे रोज दोन तास इथे बसलो, त्यातला एक तास जरी दवाखान्यात एखाद्या एकट्या पेशंटजवळ बसलो असतो तर देवाला जास्त आवडलं नसतं का? झालं. रेल्वेतून रिटायर झालेले एक अंकल ताडकन उठले, "मग चर्च कशाला पाहिजे? बोर्ड बदला आणि एनजीओ काढा की! प्रार्थनेला वेळ वाया म्हणायलेत पोरं." त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलंच नाही. फादरनी पुढच्या मिटिंगला बघू म्हणून विषय थांबवला, पण तो थांबलेला नाही, दर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर चालूच आहे, आणि आता तर माणसं पण दोन गटांत उभी राहायला लागलीत.

मला दोन्ही बाजूंचा राग नाही आला, वाईट वाटलं. कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून बोलतात, की भक्ती आणि सेवा म्हणजे तराजूची दोन पारडी आहेत, एकात टाकलं की दुसऱ्यातलं कमी होणार, तेवढेच तास, तेवढेच पैसे, वाटून घ्या. मला हे मुळातच मान्य नाही. माझं म्हणणं असं आहे की आपल्यासारख्या छोट्या, शहरभर विखुरलेल्या पॅरिशमध्ये सेवेला घरं सापडतात तीच मुळी भक्तीमुळे. घरोघर जमून म्हणायची मारियामातेची जपमाळ बंद करा, आणि उद्या उपाशी कोण आहे हेच आपल्याला कळणार नाही. आणि त्या घरात जे दिसलं त्याचं पुढे काही केलं नाही तर ती जपमाळ म्हणायला आपण कुणाकडे गेलो होतो, याचं उत्तर आपल्याला देवाला द्यावं लागेल. भांडायचंच असेल तर कुठली भक्ती आणि कुठली सेवा यावर भांडूया. किती टक्के हे आणि किती टक्के ते, यात काही हाताला लागणार नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आमच्याकडे येशूच्या आईची, मारियामातेची, मूर्ती रोज एका घरी जाते, संध्याकाळी सातला वॉर्डातली माणसं जमतात, पाच रहस्यं, म्हणजे जपमाळेचे पाच भाग, म्हणतात, एखादं गाणं, मग चहा, आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी. त्या दिवशी मूर्ती एका विधवा मावशींकडे होती, दोन खोल्या, वर पत्रा. मूर्तीपुढे आठ-दहा मेणबत्त्या लावलेल्या आणि खोलीत दुसरा कुठलाच उजेड नाही. आम्हाला सगळ्यांना वाटलं, मावशींनी किती मनापासून तयारी केलीय. चौथ्या रहस्यापर्यंत घामाने जीव नकोसा झाला, सोलापूरचा ऑक्टोबर आणि पत्र्याची खोली, म्हणून मी बसल्या जागेवरून हात लांब करून पंख्याचं बटण दाबलं. पंखा हलला नाही. शेजारचं बटण दाबलं. मावशी हळूच म्हणाल्या, "लाईट न्हाई बाळा." मला वाटलं गेली असेल, पण समोरच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. जपमाळ संपल्यावर मी आतल्या खोलीत गेले तर माठाच्या गळ्याला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि त्या फडक्याच्या आत, एका प्लास्टिकच्या डबीत, इन्सुलिनची बाटली. बिल थकलं म्हणून मीटर तोडून अडीच महिने झाले होते. त्या दिवशी चहा का झाला नाही तेही तेव्हा लक्षात आलं.

आता यातली मुख्य गोष्ट सांगते. ख्रिसमसला पॅरिशतर्फे ज्यांना किराणा देतात त्या यादीत मावशींचं नाव नव्हतं. यादीत यायला फॉर्म भरायचा असतो, आणि "मागायला जीव होईना" असं त्या म्हणाल्या. म्हणजे आपली सेवेची यंत्रणा होती, कागद होते, पैसे पण होते, आणि तरी ती त्या घरापर्यंत पोचली नव्हती. कुणी सर्व्हेचा कागद घेऊन गेलं असतं तर मावशींनी सगळं बरं चाललंय म्हणून दारातूनच परत पाठवलं असतं. आईची मूर्ती आली म्हणून दार उघडलं, आम्ही तासभर जमिनीवर मांडीला मांडी लावून बसलो म्हणून घाम आला, घाम आला म्हणून बटण दाबलं. गरिबांना मदत करणाऱ्या चर्चमधल्या व्हिन्सेंट डी पॉलच्या ग्रुपने पुढच्या आठवड्यात बिल भरलं, आता दर पंधरा दिवसांनी दोघंजण जातात, एक सिस्टर नर्स आहेत त्या शुगर तपासतात. हे सगळं सुरू झालं जपमाळेच्या चौथ्या रहस्याला. तेव्हा नऊ दिवस बसून काय मिळतं असं कुणी विचारलं की मला त्या माठाचा गळा आठवतो.

पण पूर्ण खरं सांगायचं तर त्याच्या आधीची दोन वर्षं मूर्ती त्या गल्लीत गेलीच नव्हती. गल्ली अरुंद, गाड्या लावायला जागा नाही, घरं लहान, पंधरा माणसं बसणार कुठे, म्हणून लिस्ट करताना ती गल्ली सुटली आणि ती सुटलीय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, माझ्याही नाही, आणि लिस्ट करणाऱ्यांत मी होते. म्हणून त्या मुलाचं म्हणणं मी सहज उडवून लावू शकत नाही. जपमाळ नुसती चालू आहे म्हणजे आपोआप कुणाचं भलं होतंय असं नाही. ज्यांच्याकडे सोफा आहे, टाईल्स आहेत, जपमाळेनंतर इडली-चटणी आहे, त्याच घरांतून फिरणारी मूर्ती कुणाचंच दुःख बघत नसते. आणि सणाचा मंडप? त्याबद्दल मी पूर्णपणे त्या मुलाच्या बाजूने आहे. डोळे दिपतील असं लायटिंग आणि छातीत धडधडेल असा साऊंड याला भक्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही. तो पैसा वाचवायलाच पाहिजे आणि या वर्षीपासून वाचवायला पाहिजे.

हा मुद्दा काही आजचा नाही. चौथ्या शतकातले संत योहान क्रिसोस्तोम अंत्युखिया शहरात प्रवचनात नेमकं हेच बोलले होते, की देवळात ख्रिस्ताच्या देहाला रेशमी वस्त्रं घालता आणि तोच ख्रिस्त बाहेर थंडीत उघडा बसलाय त्याच्याकडे बघत नाही, हे कसं चालेल? ज्याने 'हे माझे शरीर आहे' म्हटलं त्यानेच 'मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं नाही' असंही म्हटलंय. आमच्या युथला हे वाक्य पाठ आहे आणि पाठ असावंच. पण त्याच प्रवचनात पुढे ते सांगतात की देवळाला दान देऊ नका असं मी म्हणत नाही, ते द्या, पण त्याच्यासोबत आणि त्याच्याही आधी गरिबाचं बघा. हे पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. आपल्या या वादाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, जो तो अर्धं वाक्य घेऊन उभा आहे.

अंकलांच्या बाजूचंही तेच. त्यांच्या मुद्द्यात दम आहे, नाही असं नाही. प्रार्थना काढून टाकली तर चर्चचं काय उरतं? पोप फ्रान्सिस निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मार्च २०१३ला, प्रवचनात म्हणाले होते की आपण ख्रिस्ताला कबूल केलं नाही तर आपली एक दयाळू एनजीओ होईल, चर्च राहणार नाही. अंकलांनी हे वाक्य मिटिंगमध्ये दोनदा सांगितलं. पण त्याच पोपनी गरिबांसाठी जागतिक दिवस ठरवून दिला, २०१७पासून तो दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पाळला जातो, आणि त्या दिवशी ते स्वतः गरिबांच्या पंगतीत जेवायला बसायचे, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मग अंकलांनी बायबलमधली बेथानी गावची गोष्ट काढली. मरियेने जटामांसीचं महागडं तेल येशूच्या पायांना लावलं, तेव्हा येशूचा शिष्य यहूदा इस्कार्योत म्हणाला, हे ३०० दीनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास वर्षाची कमाई त्या बाईने एका क्षणात ओतली. आणि येशूने तिला अडवलं नाही, उलट 'गरीब तर नेहमीच तुमच्याजवळ आहेत' असं म्हणाला. अंकल म्हणाले, झालं, विषय संपला.

संपला कसा? येशू जे बोलला ते मोशेच्या नियमशास्त्रातलं वाक्य आहे, बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातलं, आणि त्याला ऐकणाऱ्या प्रत्येक यहुद्याला ते वाक्य पुढे कसं जातं ते माहीत होतं. देशात गरीब कधी संपणार नाहीत, *म्हणून* मी तुला आज्ञा करतो की आपल्या गरजू भावासाठी हात मोकळा सोड. त्या 'म्हणून'च्या आधीच वाक्य तोडायचं आणि खिशाची चेन लावायची, हे कुठल्या शुभवर्तमानात बसतं? आणि तेल ओतणाऱ्या बाईचं उदाहरण देताना एक लक्षात ठेवा, तिने स्वतःचं तेल ओतलं होतं. वर्गणीतून लायटिंग करणाऱ्यांनी तिच्या मागे लपू नये.

भक्तीचा पक्ष घेणारे अजून एक उदाहरण देतात, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा ६वा अध्याय. यरुशलेमात रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा सुटायला लागल्या, कुरकूर झाली, तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, म्हणाले की देवाचं वचन सोडून पंगतीची सेवा करणं आम्हाला बरं दिसत नाही. बघा, प्रेषितांनीच प्रार्थना वर ठेवली, असा अर्थ काढतात. पण पूर्ण अध्याय वाचा ना. पंगतीसाठी त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली आणि अट काय घातली? तर आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली पाहिजेत. धान्य वाटायला आत्म्याने भरलेली माणसं! आणि मग त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हणजे ज्याला आपण आज किराणा वाटप म्हणतो त्या कामाला त्यांनी प्रार्थनेने माणसं नेमली. आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप, निकानोर, सगळी ग्रीक नावं. म्हणजे ज्यांच्या विधवा सुटत होत्या त्यांच्यातलीच माणसं दिसतात ही, त्यांच्याच हातात वाटप दिलं. मला हा अध्याय वाचताना दरवेळी सोलापूरच आठवतं. आपल्या पॅरिशमध्ये मराठी आहेत, तेलुगू आहेत, तमिळ आहेत, कन्नड बोलणारे आहेत, केरळचे, मंगलोरचे, गोव्याचे, वसईचे आहेत, आणि मिस्सा कुठल्या भाषेत यावरून आपण कितीदा भांडलोय ते सगळ्यांना माहीत आहे. जी माणसं सुटतात ती बऱ्याचदा भाषेमुळे सुटतात. आपल्या सेवेच्या कमिटीत विडी वळणाऱ्या घरातली, पॉवरलूमवर काम करणाऱ्या घरातली किती माणसं आहेत? एकही नाही. आपण त्यांच्यासाठी ठरवतो आणि मग ख्रिसमसला पिशवी देताना फोटो काढतो. मला त्या फोटोंची मनापासून लाज वाटते.

आणि हा वाद याआधी झालेला आहे हो, अगदी याच शब्दांत. पॅरिसमध्ये १८३३ साली. आदल्या वर्षी तिथे कॉलऱ्याने माणसं पटापट मेली होती, आणि फ्रेडरिक ओझानाम नावाचा कॉलेजचा एक पोरगा वादविवादाच्या क्लबात चर्चची बाजू मांडत होता, तेव्हा समोरच्या मुलाने विचारलं, चर्चने पूर्वी काय केलं ते राहू दे, तुम्ही आज या शहरातल्या गरिबांसाठी काय करताय? ओझानामकडे उत्तर नव्हतं. त्याने प्रार्थना सोडली नाही आणि नुसती प्रार्थनेची बाजू मांडत पण बसला नाही. मित्र गोळा केले, एप्रिलमध्ये पहिली मिटिंग घेतली, तेव्हा त्याला वीस वर्षं पूर्ण होत होती, आणि मग सिस्टर रोझाली रेंदू नावाच्या धर्मभगिनींकडे गेले, ज्या मुफतार या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं घरोघर फिरत होत्या. त्यांनी पत्ते दिले आणि गरिबाच्या घरी कसं जायचं ते शिकवलं. तिथून व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू झाली, जी आपल्या देशात १८६३पासून आहे आणि जिच्या नावाने आपल्याकडे दर महिन्याला दानाचा डबा फिरतो. तिची पद्धत काय? मिटिंग प्रार्थनेने सुरू, प्रार्थनेने बंद, आणि मदत घेणाऱ्याला ऑफिसात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. ते दार ठोठावणं हाच त्या कामाचा कणा आहे. आपल्याकडे डबा राहिला आणि घरी जाणं मावशींच्या त्या प्रसंगापर्यंत जवळजवळ बंद पडलं होतं, ते कुणाच्या भक्तीमुळे बंद पडलं होतं का? आपल्या आळसामुळे पडलं होतं.

इतक्या लांब कशाला जायचं, आपल्या गावातच बघा. मी कॅथलिक आहे, पण सोलापुरात वाढलेल्या माणसाला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गोष्ट माहीत नाही असं होत नाही, गड्ड्याच्या यात्रेत लहानपणी सगळेच फिरलोय, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला रस्त्याच्या कडेला उभे राहिलोय. बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, सिद्धराम माणसं लावून तळं खोदत होते, देवळं बांधत होते, ६८ लिंगं स्थापन करत होते. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांसोबतच्या शिवभक्तांच्या, परंपरेत अशी कथा आहे की त्यांच्यातले थोर संत अल्लमप्रभू इथे आले ते खोदकाम चालू असतानाच, आणि त्यांनी 'माती खोदणारा तो सिद्धराम कुठाय' असं विचारलं. कामकरी इतके चिडले की दगड घेऊन धावले. मग त्या दोघांचा संवाद झाला, बाहेर एवढं बांधतोयस पण आत काय, असा अल्लमप्रभूंचा रोख होता, आणि सिद्धराम त्यांच्यासोबत कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांकडे गेले. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी, याच मातीत, हाच प्रश्न. आता मला सांगा, अल्लमप्रभूंनी तळं बुजवायला सांगितलं का? तळं आजही आहे. सिद्धरामांनी आतलं शोधलं म्हणून बाहेरचं फुकट गेलं असं सोलापुरातला एक तरी माणूस म्हणेल का? आणि त्या तळ्याला आपण नुसता पाण्याचा प्रोजेक्ट म्हणतो का, यात्रेत त्याच्या काठावर लग्नाच्या अक्षता पडतात ना? ज्या गावाने पाच-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी बघितलंय त्या गावाला खोदलेल्या तळ्याची किंमत वेगळी सांगायला नको.

एक आक्षेप मात्र खरंच जड आहे आणि तो त्या मुलाच्याच एका मैत्रिणीने मला बाहेर गेटजवळ सांगितला. ती म्हणाली, काकू, तुमची मावशींची गोष्ट छान आहे, पण एक मावशी सापडल्या म्हणून सिस्टम होत नाही, चांगली संस्था असेल तर तिच्याकडे डेटा असतो, ट्रेन्ड लोक असतात, ती एका वर्षात पाचशे घरं बघेल, तुम्ही वर्षात एक बघाल. तिचं बरोबर आहे. डायलिसिस, कर्ज, कोर्टाची कामं, दारू सोडवणं, हे जपमाळेच्या ग्रुपचं काम नाही, तिथे जाणकार लोकच पाहिजेत, आणि आपण अर्धवट मदत करून माणसाचं नुकसान पण करू शकतो. कॅरिटास इंडिया ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था १९६२पासून आहे ती याचसाठी. पण मी तिला एवढंच विचारलं की तुझ्या त्या संस्थेला मावशींचा पत्ता कोण देणार? आपलं बिशप हाऊस पुण्यात, अडीचशे किलोमीटरवर, एका फादरकडे केवढा मोठा एरिया, ते घरोघर कधी पोचणार? आणि दुसरं, संस्थेचा प्रोजेक्ट तीन वर्षांनी संपतो, माणसं बदलतात, फंड बंद होतो. मावशींची शुगर तीन वर्षांनी संपणार नाही. तेव्हा कोण जाणार? जो रविवारी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसतो तो. मदर तेरेसांच्या सिस्टर्स दिवसभर रस्त्यावरच्या मरणासन्न माणसांचं करत होत्या, कामाचा डोंगर होता, आणि तरी १९७३पासून त्यांनी रोज एक तास आराधनेचा ठेवला. तो तास कामातून कापला असं म्हणणारे तेव्हाही असतील. पण त्या तासाशिवाय ते काम एवढी वर्षं टिकलं असतं असं मला तरी वाटत नाही. मी स्वतः थकलेली माणसं बघितलीत, लॉकडाऊनमध्ये २०२०ला आपल्यातल्या कितीतरी जणांनी जीव तोडून डबे पोचवले, नंतर त्यातले बरेच गप्प झाले, चिडचिडे झाले, काहींनी चर्चला येणंच सोडलं. त्यांना कुणी बसवून त्यांच्यासोबत प्रार्थना केली नाही, त्यांनी जे मरण बघितलं ते ठेवायला त्यांना जागा दिली नाही. हे मी विसरू शकत नाही.

अजून एक गोष्ट पायऱ्यांवर दबक्या आवाजात बोलली जाते ती उघड लिहिते. काहीजण म्हणतात, आजकाल वातावरण बरं नाही, आपण बाहेरच्या माणसाला मदत केली की धर्मांतराचा संशय येतो, त्यापेक्षा आपण आणि आपली प्रार्थना, चार भिंतींच्या आत बरं. भीती मला कळते, मलाही वाटते. पण घाबरून सेवा बंद करणं म्हणजे आपल्या सेवेत काहीतरी काळंबेरं होतं हे आपणच कबूल करण्यासारखं नाही का? पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५च्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की प्रेमाची सेवा ही कुणाला आपल्याकडे ओढायचं साधन करायची नाही, प्रेम फुकट असतं. त्याच पत्रात त्यांनी असंही लिहिलंय की देवाचं वचन, संस्कार आणि सेवा ही चर्चची तीन कामं एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, सेवा दुसऱ्या कुणावर सोपवून मोकळं होता येत नाही. म्हणजे मार्ग साफ आहे. उघड द्यायचं, अट घालायची नाही, पावती ठेवायची, शेजाऱ्यांना सोबत घ्यायचं. मावशींचं इन्सुलिन आज कुणाच्या फ्रीजमध्ये असतं माहितेय? शेजारच्या पद्मशाली समाजातल्या हिंदू ताईंच्या. मीटर परत बसलं तरी मावशींकडे फ्रीज नाहीच, आणि ताईंनी स्वतःहून सांगितलं की आमच्यात ठेवा. अर्थात ते अडीच महिने त्यांनाही पत्ता नव्हता.

आता खर्चाचं. सेंट अँथनीची मंगळवारची भक्ती आपल्याकडे आहे, त्याच्यासोबत गरिबांच्या भाकरीचा डबा ठेवायची जुनी पद्धत आहे, जगभर आहे. म्हणजे त्या भक्तीच्या पोटातच सेवा आहे, नवस करायचा तो गरिबाच्या भाकरीचा. आपल्या चर्चमध्ये तो डबा दाराच्या डाव्या बाजूला आहे आणि तो शेवटचा कधी उघडला, त्यातले पैसे कशाला गेले, हे मी तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन उत्तरं दिली. चोरी झालीय असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते पैसे जनरल फंडात जात असणार. पण मग मंगळवारी मेणबत्ती लावणाऱ्या बाईला तिच्या दहा रुपयांची भाकरी कुणी खाल्ली हे कळायला नको? सण बंद करा, नोव्हेना बंद करा म्हणण्यापेक्षा हा डबा दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडा म्हटलं असतं त्या मुलाने, तर अंकल पण हो म्हणाले असते, मला खात्री आहे, कारण त्या डब्यात दर मंगळवारी न चुकता पैसे टाकणाऱ्यांत अंकल आहेत. हे त्या मुलाला माहीत नाही. आणि हा मुलगा परीक्षेच्या दिवसांतही सकाळच्या सहाच्या मिस्सेला येतो हे अंकलांना माहीत नाही, कारण अंकल आठच्या मिस्सेला येतात.

पुढच्या मिटिंगमध्ये मी तीनच गोष्टी मांडणार आहे. सणाच्या मंडप-लायटिंग-साऊंडचा खर्च निम्म्यावर आणायचा आणि उरलेला पैसा व्हिन्सेंट डी पॉलच्या ग्रुपला द्यायचा, पण नोव्हेनाचे नऊ दिवस नऊच राहतील. अँथनीचा डबा महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी सगळ्यांसमोर उघडायचा. आणि ऑक्टोबरची लिस्ट आता ज्या गल्ल्या आजवर सुटल्या तिथून सुरू करायची, गाड्या मेन रोडला लावायच्या आणि चालत जायचं, पंधरा माणसं मावत नसतील तर सात जायची, बाकीची ओट्यावर. लिस्ट करायला मी त्या मुलाला आणि अंकलांना एकत्र बसवणार आहे, दोघांनाही सांगून झालंय, दोघंही लगेच हो म्हणाले नाहीत पण नाही पण म्हणाले नाहीत. पहिलं घर मावशींचं धरलंय. त्यांच्याकडे मी परवा गेले होते तर त्या म्हणाल्या, माझ्याकडं नको पहिलं, पलीकडं एक तेलुगू कुटुंब राहायला आलंय, आपल्यातलेच आहेत, नवरा लूमवर होता, दोन महिने झाले घरीच बसून आहे, बाई दार लावून घेते, त्यांच्याकडं न्या आईला. त्यांना मराठी जपमाळ येत नाही. निदान एक रहस्य तेलुगूत म्हणेल असं कुणीतरी मला हवंय, कुणाच्या ओळखीत असेल तर रविवारी मिस्सेनंतर मला येऊन भेटा.